ऑप्शनमधली व्हॅल्यू बाहेर काढायची घाई करू नका

फंक्शनल स्टाइलमध्ये कोड लिहायला लागलं की ऑप्शन किंवा मेबी हा टाइप (ज्यात व्हॅल्यू असेल किंवा नसेल) लगेचच समोर येतो, आणि जवळपास प्रत्येकाचा पहिला प्रश्न तोच असतो, की यातली व्हॅल्यू बाहेर कशी काढायची? मग कोणीतरी गेट किंवा अनरॅप सांगतं, कोड कंपाइल होतो, चालतोही, आणि माणूस पुढच्या कामाला लागतो. माझं म्हणणं असं की व्हॅल्यू बाहेर काढायचा विचार आधी थोडा बाजूला ठेवा. जमेल तिथपर्यंत ती ऑप्शनमध्येच ठेवून काम करा आणि "नसेल तर काय" हे अशा ठिकाणी ठरवा जिथे नसण्याचा अर्थ खरंच माहीत आहे. खाली जे काही लिहिलंय ते सगळं यातूनच निघतं.

आधी नावं क्लिअर करू, कारण प्रत्येक भाषेत वेगळी आहेत. हॅस्केलमध्ये टाइप मेबी, त्यात जस्ट किंवा नथिंग. स्काला, रस्ट, ओकॅमल, एफ शार्प यांच्यात ऑप्शन, त्यात सम किंवा नन. जावामध्ये ऑप्शनल, जे २०१४ साली जावा ८ बरोबर आलं. आयडिया सगळीकडे तीच, की व्हॅल्यू असेल किंवा नसेल हे टाइपमध्येच लिहिलेलं असतं, त्यामुळे वापरणाऱ्याला ते विसरताच येत नाही. नलमध्ये, म्हणजे व्हॅल्यूच्या जागी गुपचूप बसणाऱ्या "काहीच नाही"मध्ये, नेमकं हेच नाही. नल रेफरन्स टोनी होर यांनी १९६५ साली अल्गॉल डब्ल्यू भाषेत आणला आणि २००९ मध्ये लंडनच्या एका कॉन्फरन्समध्ये त्यांनी स्वतःच त्याला आपली अब्ज डॉलरची चूक म्हटलं. ऑप्शन वापरून परत गेट गेट करत सुटलो तर आपण तीच चूक नव्या नावाने परत आणतोय.

खालचे कोडचे तुकडे कुठल्या एका भाषेचे नाहीत, लॉजिक दिसावं म्हणून नावं मराठीत टाकलीयेत.

गेट, अनरॅप, फ्रॉम-जस्ट

ही तीनही फंक्शन्स सांगतात की "व्हॅल्यू आहेच, मला खात्री आहे", आणि नसेल तर प्रोग्राम तिथेच पडतो. स्कालात आणि जावात नो-सच-एलिमेंट एक्सेप्शन, रस्टमध्ये पॅनिक, हॅस्केलमध्ये रनटाइम एरर. १८ नोव्हेंबर २०२५ ला क्लाउडफ्लेअर या इंटरनेट सेवा कंपनीचं नेटवर्क मोठ्या प्रमाणावर बंद पडलं तेव्हा त्यांनी स्वतः प्रसिद्ध केलेल्या रिपोर्टमध्ये रस्ट कोडमधला एक अनरॅप दाखवला होता. तो रिझल्टवरचा (व्हॅल्यू किंवा एरर देणारा टाइप) होता, ऑप्शनवरचा नाही, आणि मूळ कारण डेटाबेस परमिशनमधला बदल आणि त्यामुळे फुगलेली फाइल हे होतं, पण फाइल ठरलेल्या लिमिटच्या बाहेर गेल्यावर काय करायचं याचं उत्तर त्या ओळीत "पडायचं" एवढंच होतं.

बरेच जण यावर उपाय म्हणून आधी चेक करतात आणि मग गेट करतात.

    जर (ऑप्ट.आहे_का) {
        वापर(ऑप्ट.गेट)
    }

हे चालतं, पण मला पटत नाही. कारण चेक एका ओळीत आणि गेट दुसऱ्या ओळीत, या दोघांचं नातं फक्त तुमच्या डोक्यात आहे, कंपायलरला त्याचा पत्ताच नाही. उद्या कोणी मधे दहा ओळी घातल्या, चेक दुसऱ्या फंक्शनमध्ये हलवला किंवा अटीत एक "किंवा" वाढवला तर गेट तसाच राहतो आणि कंपायलर काहीच बोलत नाही. त्याऐवजी पॅटर्न मॅच करा, म्हणजे सम आणि नन अशा दोन्ही केस वेगवेगळ्या लिहा. सम(क्ष) ही केस लिहिली की क्ष तुम्हाला फक्त त्याच केसमध्ये मिळतो, बाहेर मिळतच नाही, आणि ननची केस विसरलात तर रस्टमध्ये कोड कंपाइलच होत नाही, हॅस्केलमध्ये आणि ओकॅमलमध्ये वॉर्निंग येते (हॅस्केलमध्ये ती अपूर्ण पॅटर्नची वॉर्निंग चालू आहे ना ते बघून घ्या, आणि जमलं तर तिला एररच करून टाका).

मग अनरॅप कधीच नाही का? टेस्टमध्ये बिनधास्त वापरा, तिथे पडणं हेच काम आहे. आणि कधीकधी खरंच अशी जागा असते जिथे व्हॅल्यू असणारच, म्हणजे आधीच्याच ओळीत तुम्ही मॅपमध्ये (की आणि तिची व्हॅल्यू ठेवणारा कोश, खाली येणारं मॅप फंक्शन नाही) की टाकलीये आणि आता तीच वाचताय. तिथे रस्टमध्ये एक्सपेक्ट वापरा आणि मेसेजमध्ये "व्हॅल्यू मिळाली नाही" असं लिहू नका, ते तर पडल्यावर दिसतंच, त्याऐवजी ती का असायलाच हवी होती ते लिहा. रात्री लॉग वाचणाऱ्या माणसाला तेवढं एक वाक्य खूप उपयोगी पडतं. बाकी ठिकाणी अनरॅप नको असेल तर रस्टच्या क्लिपी या कोड तपासणाऱ्या टूलमध्ये अनरॅप-यूज्ड नावाचा लिंट (तपासणीचा नियम) आहे, स्कालासाठी तशाच वॉर्टरिमूव्हरमध्ये ऑप्शन-पार्शल आहे, ते सीआयमध्ये (प्रत्येक बदल आपोआप तपासणाऱ्या सिस्टिममध्ये) लावून टाका म्हणजे रिव्ह्यूमध्ये दरवेळी तीच चर्चा नको.

मॅप आणि फ्लॅटमॅप

आता मुख्य काम. समजा कर्मचाऱ्याच्या आयडीवरून त्याच्या मॅनेजरचा ईमेल हवाय. आयडी चुकीचा असू शकतो, त्यामुळे कर्मचारी ऑप्शन. सगळ्यात वरच्या माणसाला मॅनेजर नसतो, त्यामुळे मॅनेजर ऑप्शन. आणि ईमेल भरलेलाच असेल असं नाही. तीन ठिकाणी "नसू शकतं". इफ लिहीत गेलात तर तीन पातळ्या आत जाल आणि प्रत्येक एल्समध्ये तेच नन परत कराल. त्याऐवजी:

    कर्मचारी_शोध(आयडी)
        .फ्लॅटमॅप(क => क.मॅनेजर)
        .फ्लॅटमॅप(म => म.ईमेल)
        .मॅप(ईमेल_लहान_अक्षरात)

मॅप आणि फ्लॅटमॅप दोन्ही ऑप्शनच्या आतल्या व्हॅल्यूवर तुमचं फंक्शन चालवतात, कुठलं कधी याचा नियम सोपा आहे. तुमचं फंक्शन साधी व्हॅल्यू देत असेल तर मॅप, आणि ते फंक्शन स्वतःच ऑप्शन देत असेल तर फ्लॅटमॅप. रस्टमध्ये त्याला अँड-देन म्हणतात, ओकॅमल आणि एफ शार्पमध्ये बाइंड. दुसऱ्या ओळीत चुकून मॅप लिहिलं तर टाइप ऑप्शनच्या आत ऑप्शन असा होतो, कंपायलरने असा दुहेरी टाइप दाखवला की नव्वद टक्के वेळा हेच झालेलं असतं, मॅपचं फ्लॅटमॅप करायचं. मधे कुठेही नन आलं की पुढचं काही चालत नाही आणि शेवटी ननच हातात येतं, म्हणजे जे काम तुम्ही एल्समध्ये हाताने करत होता ते आपोआप झालं.

साखळी लांबली, किंवा मधल्या दोन-तीन व्हॅल्यू शेवटी एकत्र लागत असतील (उदाहरणार्थ कर्मचाऱ्याचं नाव आणि मॅनेजरचा ईमेल दोन्ही एका मेसेजमध्ये) तर फ्लॅटमॅपच्या आत फ्लॅटमॅप असं घरटं बांधू नका, वाचवत नाही. स्कालात फॉर-यील्ड, हॅस्केलमध्ये डू, रस्टमध्ये प्रश्नचिन्ह ऑपरेटर, ओकॅमलमध्ये लेट-स्टार, सगळे याच कामासाठी आहेत. रस्टमध्ये १.६५ पासून लेट-एल्स पण आहे, त्यात व्हॅल्यू नसेल तर तिथूनच फंक्शनबाहेर पडता येतं आणि पुढचा कोड सरळ डावीकडे राहतो, मला स्वतःला तो फार आवडतो.

आणि एक, फंक्शनला पॅरामीटर म्हणून ऑप्शन घ्यायची सवय लावून घेऊ नका. ईमेल_लहान_अक्षरात हे फंक्शन साधी स्ट्रिंग घेतं, त्याला ननशी काही घेणंदेणं नाही, मॅप करायचं काम बोलावणाऱ्याचं. प्रत्येक छोट्या फंक्शनमध्ये ऑप्शन शिरला की प्रत्येक ठिकाणी ननचा निर्णय घ्यावा लागतो, आणि तिथे तो कोणालाच नीट घेता येत नाही.

डिफॉल्ट व्हॅल्यू, इथे थांबून विचार करा

अनरॅप धोकादायक हे सगळ्यांना कधी ना कधी कळतं कारण तो आवाज करून पडतो. गेट-ऑर-एल्स(शून्य), म्हणजे "नसेल तर शून्य दे", मात्र गप्प बसतो, आणि माझ्या मते तो जास्त नुकसान करतो.

एक उदाहरण घ्या. पाच टेम्परेचर सेन्सर आहेत, चारांचं रीडिंग २० डिग्री आलंय, पाचव्याचं आलंच नाही म्हणजे नन. कोणीतरी प्रत्येक रीडिंगवर "नसेल तर ०" लावलं आणि सरासरी काढली. उत्तर १६. खरी सरासरी २०. कुठेही एरर नाही, क्रॅश नाही, ग्राफवर फक्त थोडी खाली गेलेली रेघ, आणि त्या १६ वर कोणीतरी हीटर चालू करतं. शून्य डिग्री ही खरी शक्य असलेली व्हॅल्यू आहे, "माहीत नाही" यासाठी ती वापरली की नंतर कोणालाही फरक सांगता येत नाही. रिकामी स्ट्रिंग, वजा एक, १ जानेवारी १९७० ही तारीख (कॉम्प्युटरच्या वेळेचं शून्य), सगळ्यांची तीच गोष्ट.

म्हणून डिफॉल्ट लिहिताना स्वतःला विचारा की हा निर्णय घ्यायचा अधिकार या फंक्शनला आहे का? स्क्रीनवर दाखवताना नाव नसेल तर "पाहुणा" दाखवायचं, हे ठीक, कारण स्क्रीनला माहीत आहे की आपण फक्त दाखवतोय. सेटिंगमध्ये टाइमआउट दिला नसेल तर ३० सेकंद, हेही ठीक, कारण तिथे नसणं म्हणजे "नेहमीचंच चालू दे" असा ठरलेला अर्थ आहे. पण डेटा वाचणाऱ्या आतल्या लेयरने शून्य भरून वर पाठवणं म्हणजे वरच्या लेयरला जी माहिती लागणार होती ती मधेच पुसून टाकणं. तिथे ऑप्शन तसाच वर जाऊ द्या.

डिफॉल्टमध्ये अजून एक खाचखळगा आहे. जावात ऑर-एल्स आणि ऑर-एल्स-गेट अशी दोन फंक्शन्स आहेत, दिसायला सारखीच. ऑर-एल्सच्या कंसात जे लिहाल ते आधी चालतं, व्हॅल्यू असो वा नसो. म्हणजे असं लिहिलंत:

    शोध(आयडी).ऑर_एल्स(नवीन_रेकॉर्ड_बनव())

तर रेकॉर्ड सापडलं तरीही डेटाबेसमध्ये नवीन एक बनणार, प्रत्येक वेळी. इथे ऑर-एल्स-गेट हवं आणि त्यात लॅम्डा (गरज पडली तरच चालणारं छोटं बिननावाचं फंक्शन). रस्टमध्ये हीच जोडी अनरॅप-ऑर आणि अनरॅप-ऑर-एल्स. स्कालाच्या गेट-ऑर-एल्समध्ये आर्ग्युमेंट गरज पडली तरच चालतं आणि हॅस्केल मुळातच लेझी (गरज पडेपर्यंत काही चालवत नाही), त्यामुळे तिथून जावात किंवा रस्टमध्ये येणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवा.

तुलना करताना लपलेला बग

याबद्दल फारसं कोणी सांगत नाही म्हणून जरा सविस्तर लिहितो. रस्टमध्ये आणि हॅस्केलमध्ये दोन ऑप्शनची तुलना थेट करता येते, लहान-मोठं, सारखं-वेगळं, सगळं कंपाइल होतं. आणि नियम असा की नन हे कुठल्याही सम पेक्षा लहान.

आता समजा कूपनला एक्स्पायरी तारीख आहे आणि नन म्हणजे "कधीच संपत नाही". कोणी लिहिलं:

    संपलं = कूपन.एक्स्पायरी < सम(आज)

जिथे तारीख आहे तिथे बरोबर चालतं. जिथे नन आहे तिथे नन हे सम(आज) पेक्षा लहान, म्हणजे उत्तर "हो, संपलं". कायम चालणारं कूपन कायमच संपलेलं दाखवतंय, आणि टाइपच्या दृष्टीने सगळं बरोबर आहे त्यामुळे कंपायलरकडून मदत नाही. इथे ननचा अर्थ स्वतः लिहावा लागतो. स्कालात एग्झिस्ट्स वापरा, म्हणजे "तारीख आहे आणि ती आजच्या आधीची आहे", नन असेल तर आपोआप असत्य. फॉर-ऑल उलटं, ननवर सत्य देतं. रस्टमध्ये यासाठी १.७० पासून इज-सम-अँड आणि १.८२ पासून इज-नन-ऑर आहे. कुठलं घ्यायचं हे "नसेल तर उत्तर हो की नाही" यावर ठरवा, एकदा हे वाक्य मनात म्हटलं की फंक्शन आपोआप निवडलं जातं.

सारखेपणाचंही तेच. नन आणि नन हे ऑप्शनमध्ये सारखे. दोन युजरचे फोन नंबर सारखे असतील तर डुप्लिकेट समजायचं असा कोड असेल आणि दोघांनीही नंबर दिलेला नसेल, तर दोघं एकच माणूस ठरतात! एसक्यूएलमध्ये नल बरोबर नल हे सत्य होत नाही, त्यामुळे क्वेरीतलं लॉजिक कोडमध्ये आणताना हा फरक हमखास निसटतो. आधी दोन्ही सम आहेत का हे बघा, मग आतल्या व्हॅल्यू ताडा.

ऑप्शनची लिस्ट

लिस्टमधल्या प्रत्येक गोष्टीवर ऑप्शन देणारं फंक्शन चालवलं की ऑप्शनची लिस्ट मिळते, आणि इथे दोन अगदी वेगळे रस्ते आहेत. एक म्हणजे नन गाळून फक्त मिळालेल्या व्हॅल्यू घ्यायच्या, हॅस्केलमध्ये कॅट-मेबीज किंवा मॅप-मेबी, स्कालात फ्लॅटन, रस्टमध्ये फिल्टर-मॅप. दुसरा म्हणजे सगळं किंवा काहीच नाही, एक जरी नन असेल तरी पूर्ण उत्तर नन, त्यासाठी हॅस्केलमध्ये ट्रॅव्हर्स, आणि रस्टमध्ये साधं कलेक्टच ऑप्शनच्या आत व्हेक्टर असा टाइप देऊन करता येतं. पहिला रस्ता लिहायला सोपा म्हणून सगळे तोच घेतात. पण बिलातल्या वस्तूंच्या किमती शोधताय आणि एका वस्तूची किंमत सापडली नाही, तर ती गाळून बाकीच्यांची बेरीज करणं म्हणजे चुकीचं बिल. तिथे ट्रॅव्हर्सच हवं. गाळायचंच असेल तर किती गाळले ते निदान लॉगमध्ये तरी जाऊ द्या.

लिस्टवरूनच आठवलं, काही फंक्शन्स ऑप्शन द्यायला हवा तिथे थेट व्हॅल्यू देतात आणि रिकाम्या लिस्टवर पडतात. लिस्टमधली पहिली गोष्ट देणारं हेड हे त्यातलं सगळ्यात ओळखीचं. जीएचसी या हॅस्केलच्या कंपायलरमध्ये ९.८ पासून हेड आणि टेल (पहिली सोडून बाकीची लिस्ट) वापरलं की वॉर्निंग येते, बरं झालं. स्कालात हेड-ऑप्शन, रस्टमध्ये चौकटी कंसाऐवजी गेट किंवा फर्स्ट (रस्टच्या लिस्टवरचा गेट ऑप्शन देतो, तो वरच्या यादीतला गेट नाही), ओकॅमलमध्ये फाइंडऐवजी फाइंड-ऑप्ट वापरा. आणि लिस्ट रिकामी असूच शकत नाही असं तुमचं म्हणणं असेल तर हॅस्केलमधल्या नॉन-एम्प्टीसारखा टाइप घ्या, म्हणजे ते म्हणणं टाइपमध्येच जाईल.

नन म्हणजे नक्की काय झालं?

ऑप्शन फक्त "नाही" एवढंच सांगतो, का नाही ते सांगत नाही. कारण एकच शक्य असेल तर तेवढं पुरतं, मॅपमध्ये की नाही म्हणजे नाही, विषय संपला. पण युजर शोधताना डेटाबेसच बंद असेल आणि तुमचं फंक्शन तिथेही नन देत असेल तर वरचा कोड "असा युजरच नाही" समजून नवीन अकाउंट बनवायला घेईल. "नाहीये" आणि "बघताच आलं नाही" या दोन गोष्टी एका ननमध्ये कधीच कोंबू नका. तिथे रिझल्ट किंवा हॅस्केल-स्कालातला आयदर, आणि त्याच्या आत ऑप्शन. बाहेरचा थर सांगतो बघता आलं का, आतला सांगतो सापडलं का. टाइप लांब दिसतो पण दोन्ही प्रश्न खरे आहेत. साध्या ऑप्शनला पुढे कारण चिकटवायचं असेल तर रस्टमध्ये ओके-ऑर, स्कालात टू-राइट. वरच्या मॅनेजरच्या उदाहरणात कर्मचारी नाही, मॅनेजर नाही आणि ईमेल नाही हे तीन वेगळे मेसेज दाखवायचे असतील तर प्रत्येक पायरीवर हेच करायचं, नाहीतर शेवटी हातात आलेल्या ननवरून काहीच कळणार नाही.

बाहेरून येणारा नल

जावा किंवा स्कालात असाल तर नल कुठूनही घुसतो. स्कालात सम(नल) ही चालणारी व्हॅल्यू आहे, दिसते सम पण आत नल, त्यामुळे जावा लायब्ररीतून आलेल्या गोष्टीला ऑप्शन(क्ष) असं गुंडाळा, तो नलचं नन करतो. जावात ऑप्शनल-ऑफ नलवर तिथेच एक्सेप्शन टाकतो, म्हणून शंका असेल तिथे ऑफ-नलेबल. आणि ऑप्शनल परत करणाऱ्या फंक्शनमधून नल परत करणं याला माफीच नाही, कारण वापरणाऱ्याने त्या टाइपवर विश्वास ठेवलेला असतो.

जेसनमध्ये (रिक्वेस्टमधला डेटा लिहायचा फॉरमॅट) अजून एक पेच येतो. प्रोफाइल अपडेटच्या रिक्वेस्टमध्ये फोन हे फील्ड आलंच नाही म्हणजे "आहे तसं ठेवा", आणि नल आलं म्हणजे "नंबर काढून टाका". साधा ऑप्शन ठेवलात तर रस्टच्या सर्डे या जेसन वाचणाऱ्या लायब्ररीत दोन्ही ननच होतात आणि मग जो युजर फक्त नाव बदलतोय त्याचा फोन नंबर उडतो. इथे ऑप्शनच्या आत ऑप्शन खरोखर लागतो, किंवा त्याहून चांगलं, "बदल नको", "काढा", "हा ठेवा" असे तीन पर्याय असलेला स्वतःचा टाइप बनवा, वाचणाऱ्याला लगेच कळतं.

स्वतःचा टाइप बनवायची हीच सवय रेकॉर्डमध्येही लावा. ऑर्डरमध्ये पोचल्याची तारीख ऑप्शन, रद्द केल्याचं कारण ऑप्शन, परताव्याची रक्कम ऑप्शन, असे तीन ऑप्शन ठेवले की आठ कॉम्बिनेशन्स होतात आणि त्यातली निम्मी तरी निरर्थक, जसं की पोचलीही आणि रद्दही झाली. त्यापेक्षा ऑर्डरची स्थिती हा एक सम टाइप करा (इथे सम म्हणजे बेरजेवाला, ऑप्शनमधला नाही, ठरलेल्या पर्यायांपैकी एका वेळी एकच असणारा टाइप), त्यात "चालू", "पोचली, तारखेसह", "रद्द, कारण आणि रकमेसह". तिन्ही ऑप्शन गायब होतात आणि त्यांच्याबरोबर त्यांचे चेकसुद्धा.

जुन्या कोडमध्ये हे सगळं आणायचं असेल तर एकदम सगळीकडे हात घालू नका. आधी गेट, अनरॅप सर्च करा, प्रत्येक जागी टेस्टमध्ये मुद्दाम नन पाठवून बघा काय होतं, जे पडतं ते आधी दुरुस्त करा. मग शून्य आणि रिकाम्या स्ट्रिंगचे डिफॉल्ट सर्च करा, त्यांना वेळ जास्त लागेल कारण तिथे टेस्ट पडणार नाही, प्रत्येक ठिकाणी बसून त्या डेटाचा वापर कुठे होतो ते वरपर्यंत शोधत जावं लागेल, आणि जिथे उत्तर सापडत नाही तिथे त्या फीचरच्या माणसालाच जाऊन विचारा की हे नसेल तर तुम्हाला नक्की काय व्हायला हवंय.